शिकलो एक, करायचंय दुसरंच

१८८५ साली बेळगावकडचा पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वडिलांची इच्छा नव्हती, थोरल्या भावाने पाठबळ दिलं. दोनेक वर्षं गेली आणि लक्षात आलं की त्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकलेचा मार्ग तिथेच खुंटला. पण त्याच संस्थेत तो यंत्रांची रेखाटनं काढायलाही शिकत होता आणि तो विषय त्याने सोडला नाही. त्या रेखाटनाच्या बळावर त्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याची नोकरी मिळाली. तिथे यंत्रांशी जवळून ओळख झाली. पुढे बढती डावलली गेल्यावर त्याने नोकरी सोडली आणि बेळगावला भावाच्या सायकलींच्या धंद्यात लक्ष घातलं. १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभा राहिला, त्याचं नाव किर्लोस्करवाडी. हे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

व्हीजेटीआय तेव्हा भायखळ्याला होती, १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली. वडाळ्याहून फाइव्ह गार्डन्सकडे गेलं की ती जवळच लागते. आजूबाजूला आयसीटी, विद्यालंकार, एसआयडब्ल्यूएस, आंबेडकर कॉलेज, खालसा, रुईया, पोदार. दरवर्षी या पट्ट्यातून हजारो मुलं-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांतल्या अनेकांच्या मनात एकच घालमेल असते: जे शिकलो त्यात पुढे जायचं नाहीये, मग आता काय? हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

माझं सांगणं एका वाक्यात मावतं. क्षेत्र खुशाल बदला, पण रिकाम्या हाताने बदलू नका. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, रेखाटन सोबत नेलं. तुम्हीही आधीच्या शिक्षणातली कोणती गोष्ट सोबत नेणार, हे शोधणं हेच शाखा बदलण्यातलं खरं काम आहे. बाकी सगळं त्यानंतर.

आधी कारण तपासा

"मला इंजिनिअरिंगमध्ये रस नाही" असं म्हणणाऱ्या मुलाला जरा खोलात विचारलं की बऱ्याचदा वेगळंच काहीतरी निघतं. कुणाला विषय आवडत असतो पण केटींनी धीर खचलेला असतो. कुणाला कॉलेजचं वातावरण नकोसं झालेलं असतं. कुणाला कॅम्पसमधून नोकरी मिळाली नाही म्हणून अख्खं क्षेत्रच वाईट वाटू लागतं. तर कुणाला मित्राच्या पगाराचा आकडा ऐकून अस्वस्थ व्हायला झालेलं असतं. ही कारणं खोटी नाहीत, पण त्यांचे उपाय निरनिराळे आहेत. परीक्षेला कंटाळलेल्याने आणखी दोन वर्षांच्या परीक्षेचा अभ्यासक्रम घेऊन काय साधणार? पहिली नोकरी लागत नसेल तर कदाचित क्षेत्र न बदलता गाव, कंपनीचा आकार किंवा कामाचा प्रकार बदलून भागेल.

म्हणून एका कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. मला कशापासून दूर जायचंय? आणि मला कशाकडे जायचंय? पहिल्या प्रश्नाला पानभर उत्तर आलं आणि दुसऱ्यापुढे "काहीतरी क्रिएटिव्ह" एवढंच उरलं, तर समजा की निर्णयाची वेळ अजून आलेली नाही. दुसऱ्या उत्तरात कामाचं नाव हवं. "मीडिया" हे कामाचं नाव नाही. "मराठी मालिकांचे संवाद लिहिणं" किंवा "बातम्यांच्या व्हिडिओंचं संकलन" ही कामं आहेत. क्षेत्रात शिरता येत नाही, कामात शिरता येतं.

सोबत काय न्याल?

आता मुख्य गोष्ट. प्रगतिपुस्तकातल्या विषयांची यादी बाजूला ठेवा आणि त्या तीन-चार वर्षांत हाताने, डोक्याने नेमकं काय काय केलं ते लिहा.

समजा, वडाळ्यात राहणारी एक मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्र झाली आहे आणि तिला प्रयोगशाळेत आयुष्य काढायचं नाही. "मला केमिस्ट्री येते" असं लिहून ती अडकते. पण तिने तीन वर्षं प्रॅक्टिकलमध्ये काय केलं? ब्युरेटचं रीडिंग जुळेपर्यंत पुन्हापुन्हा घेतलं. जे दिसलं तेच जर्नलमध्ये उतरवलं, सोयीचा आकडा घातला नाही. कुठल्या बाटलीला हात लावण्याआधी काय वाचायचं हे अंगवळणी पाडलं. याला कामाच्या जगात काटेकोर नोंद म्हणतात आणि तिला किंमत आहे. परळला केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया अशी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. नव्या औषधांच्या चाचण्या जिथे चालतात, तिथे रुग्णांच्या नोंदी सांभाळायला समन्वयक लागतात. त्या कामात कागदावरची चूक व्हाइटनरने झाकता येत नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख. ज्या मुलीने जर्नल प्रामाणिकपणे लिहिलं, तिला हे शिकायला फार वेळ लागत नाही.

असंच प्रत्येक शाखेचं करून बघता येतं. बी.कॉम. झालेल्याला दोन हिशेब समोर ठेवून फरक शोधण्याची सवय असते. ती रुग्णालयाच्या बिलिंगपासून मालवाहतुकीच्या कचेरीपर्यंत चालते आणि वडाळ्याला तर ट्रक टर्मिनल आणि बंदर दोन्ही जवळ आहेत. मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. झालेल्याला मोठा मजकूर वाचून त्याचं सार काढता येतं, शुद्धलेखन येतं. भाषांतर, मुद्रितशोधन, उपशीर्षकं, मोबाइल ॲपवरचा मराठी मजकूर या सगळ्यात ते लागतं. मेकॅनिकल इंजिनिअरला ड्रॉइंग वाचता येतं, मोजमापात किती फरक चालेल हे कळतं. खरेदी विभागात किंवा गुणवत्ता तपासणीत ते कामाला येतं.

एक दार तर वडाळ्याच्या शेजारीच आहे आणि कितीतरी मुलांना ते माहीत नसतं. अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे, पेटंट आणि ट्रेडमार्कचं सरकारी कार्यालय. पेटंट एजंट होण्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते आणि सरकारची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे प्रयोगशाळा नको, पण विज्ञान आवडतं आणि लिहायलाही आवडतं, अशा मुलाला कायद्याच्या क्षेत्रात शिरायची वाट त्याची बी.एस्सी.च उघडून देते. ट्रेडमार्क एजंटच्या परीक्षेला तर कुठल्याही शाखेची पदवी चालते.

जुन्यातलं नव्यात नेल्यावर काय घडू शकतं, याचा मोठा दाखला दामोदर धर्मानंद कोसंबींचा. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले, पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलली, वजनांवर संख्याशास्त्र लावलं आणि किती वापरून नाणं किती झिजतं यावरून त्याच्या काळाचा अंदाज बांधला. इतिहासकारांना जे सुचलं नव्हतं ते त्यांना गणितामुळे सुचलं. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा ग्रंथ आला आणि त्या विषयाची मांडणीच बदलली. दुसऱ्या क्षेत्रातून आलेला माणूस मागे असतो असं आपण धरून चालतो. योग्य गोष्ट सोबत आणली असेल, तर तो त्या एका बाबतीत इतरांच्या पुढे असतो.

कुठली दारं उघडी, कुठली बंद

उत्साहाच्या भरात पैसे भरण्याआधी नियम पाहून घ्या. काही पेशांत त्याच विषयाच्या शिक्षणाशिवाय पाऊल ठेवता येत नाही. डॉक्टर, वास्तुविशारद, फार्मासिस्ट व्हायचं तर त्या त्या अभ्यासक्रमाला पहिल्यापासून बसावं लागतं. पण बऱ्याच वाटा कुठल्याही पदवीधराला खुल्या आहेत:

• वकिली: कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. राज्याची सीईटी द्यावी लागते. खुल्या वर्गाला पदवीला ४५ टक्के गुण लागतात, राखीव वर्गांना सवलत आहे. वडाळ्यातच, बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं विधी महाविद्यालय आहे. स्वतः बाबासाहेब आधी अर्थशास्त्रात शिकले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि बॅरिस्टर त्यानंतर.

• सी.ए.: वाणिज्य पदवीला ५५ टक्के किंवा इतर पदवीला ६० टक्के असतील, तर फाउंडेशन परीक्षा टाळून थेट इंटरमीजिएटला बसता येतं. पुढच्या आर्टिकलशिपमध्ये विद्यावेतन मिळतं.

• संगणक: एम.सी.ए. आता दोन वर्षांचं आहे. बारावीला किंवा पदवीला गणित होतं का, हे आधी पाहा. नसेल तर प्रवेशाच्या अटी नीट वाचा.

• व्यवस्थापन: सीईटी किंवा कॅट देऊन कुठल्याही शाखेतून जाता येतं. माटुंग्याचं वेलिंगकर वडाळ्याच्या जवळच आहे. पण फी मोठी असते, म्हणून एखादं वर्ष नोकरी करून जाणं बहुतेकांच्या हिताचं ठरतं.

• स्पर्धा परीक्षा: यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला शाखेची अट नाही. इथे घड्याळ मात्र चालू असतं. यूपीएससीला खुल्या वर्गासाठी ३२ वर्षांची वयोमर्यादा आणि सहा प्रयत्न, एमपीएससीला ३८ वर्षं, बँकांच्या पीओ परीक्षेला ३०. पहिल्याच दिवशी ठरवा की किती प्रयत्न देणार आणि त्यानंतर काय करणार.

जुनी नोकरी चालू ठेवून नवं शिकायचं असेल, तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू हे पर्याय आहेत. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली आहे. आणि नुसतं विषय जमतो का हे पाहायचं असेल, तर केंद्र सरकारच्या स्वयम् या मंचावर अभ्यासक्रम फुकट बघता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे पैसे.

याच ठिकाणी सावध करतो. "सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट, नोकरीची शंभर टक्के हमी" अशा पाट्या दादर स्टेशनबाहेर ढिगाने दिसतात. पैसे भरण्याआधी मागच्या तुकडीतल्या तीन मुलांचे नंबर मागा आणि त्यांना क्लासच्या बाहेर, एकट्यांना भेटा. नोकरी कुठे लागली, किती पगार, किती महिने टिकली, एवढे तीनच प्रश्न पुरेत. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की तिथून निघा. क्लासने सुचवलेल्या कर्जाच्या कागदावर त्याच दिवशी सही तर मुळीच करू नका.

उडी घेण्याआधी चव घ्या

डॉ. श्रीराम लागूंनी वैद्यकी सोडून रंगभूमी धरली, हे सगळ्यांना माहीत असतं. ती सोडण्याआधी त्यांनी काय केलं, याकडे आपलं लक्ष जात नाही. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात वैद्यकीच्या शिक्षणापासून ते हौशी रंगभूमीवर काम करत होते. काही वर्षं आफ्रिकेत टांझानियामध्ये व्यवसाय केला. १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्ण वेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आलं. निर्णय धाडसाचा होता यात शंकाच नाही, पण त्यामागे वर्षानुवर्षांची तालीम होती. हे काम मला जमतं, आणि कंटाळवाण्या दिवशीही ते करावंसं वाटतं, याची त्यांना खात्री पटलेली होती.

तुमच्याकडे तेवढी वर्षं नसतील, काही महिने तरी आहेत. तीन गोष्टी करता येतील.

पहिली, ते काम रोज करणारी तीन माणसं गाठा. एक नवखा, एक पाच-सात वर्षं झालेला आणि शक्य असेल तर एक ते क्षेत्र सोडून गेलेला. सोडून गेलेला माणूस जे सांगतो ते दुसरं कुणी सांगत नाही. त्यांना "स्कोप आहे का?" असं विचारू नका. "कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगाल का?" असं विचारा. उत्तर ऐकताना स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघा.

दुसरी, त्या कामाचा एक छोटा नमुना स्वतः पूर्ण करा. भाषांतरात जायचंय? एका सरकारी परिपत्रकाचं साध्या मराठीत रूपांतर करा आणि एखाद्या जाणकाराला दाखवा. संकेतस्थळं बनवायची आहेत? सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी किंवा ओळखीच्या दुकानासाठी एक बनवून द्या. पुढे हाच नमुना मुलाखतीत तुमच्यासाठी बोलेल.

तिसरी, ॲप्रेंटिसशिप. ही फक्त आयटीआयवाल्यांसाठी असते असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे. ॲप्रेंटिसशिपच्या कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. पदवीधरांनाही ती मिळू शकते आणि विद्यावेतन देणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी ते महिना किमान ९,००० रुपये ठरवलं होतं. पश्चिम विभागाचं ॲप्रेंटिसशिप मंडळ सायनला, एटीआयच्या आवारात आहे. वर्षभर काम करून अनुभवाचं सरकारी प्रमाणपत्र हाती येतं. आणि काम नाही आवडलं तरी फी बुडाली असं होत नाही. मात्र पदवीनंतर फार काळ गेला तर पात्रता जाऊ शकते, म्हणून या वाटेची चौकशी सर्वांत आधी करा.

घरच्यांशी बोलताना

मुंबईच्या या भागातल्या घरांना नोकरी जाणं म्हणजे काय, हे ऐकीव नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. लालबाग-परळमधल्या असंख्य घरांत ज्याला उत्तम विणकाम येत होतं, त्याला एकाएकी भाजीची गाडी लावावी लागली, वॉचमनची नोकरी धरावी लागली. ज्यांचे वडील बंदरात, बेस्टमध्ये किंवा महापालिकेत होते ती घरं तगली. म्हणून आई "आधी कायमची नोकरी बघ" म्हणते तेव्हा ती जुन्या विचारांची असते असं नाही. तिने शेजारच्या चार चुली विझताना पाहिलेल्या असतात.

पण त्याच संपातून दुसरंही शिकता येतं. एकच कौशल्य आणि एकच मालक यांवर आयुष्य उभं केलं की धोका किती, हे गिरणगावाने पाहिलं. आज त्याच गिरण्यांच्या जागेवर, लोअर परळला, जाहिरात संस्था, वाहिन्या, वित्तीय कंपन्या बसल्या आहेत. त्यांतली कितीतरी कामं १९८२ मध्ये अस्तित्वातच नव्हती. ज्याला शिकलेलं एका कामातून दुसऱ्या कामात नेता येतं, तो जास्त सुरक्षित. हे घरच्यांना पटतं, पण त्यांच्यापुढे नुसती स्वप्नं मांडून नाही.

एक कागद मांडा. त्यावर कामाचं नाव असू दे. ते करणाऱ्या, तुम्ही भेटलेल्या तीन माणसांनी सांगितलेला सुरुवातीचा पगार असू दे. शिक्षणाचा खर्च आणि तो कुठून येणार ते लिहा. किती महिने घरात पैसे देता येणार नाहीत ते स्पष्ट लिहा. शेवटी एक तारीख: या तारखेपर्यंत अमुक इतकं जमलं नाही, तर मी तमुक नोकरी धरेन. कर्ता मुलगा किंवा मुलगी तुम्हीच असाल आणि घराचा हप्ता तुमच्यावर असेल, तर आधी आहे त्या शाखेत नोकरी धरा, सहा महिन्यांचा घरखर्च साठवा आणि नव्याची तयारी संध्याकाळी आणि रविवारी करा. यात कमीपणा काहीच नाही. ज्यांना घरातच अभ्यासाला जागा नाही त्यांच्यासाठी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ते १८९८ पासून वाचकांसाठीच उभं आहे.

मुलाखतीतला तो एक प्रश्न

"तुमचं शिक्षण वेगळं आहे, मग इकडे कसे?" हा प्रश्न येणारच. बरेच जण इथे खाली बघतात आणि सुरू करतात: "सर, खरं तर मला तेव्हा कळत नव्हतं, घरच्यांनी सांगितलं म्हणून..." हे उत्तर ऐकणाऱ्याला एवढंच सांगतं की हा माणूस उद्या इथूनही कंटाळून जाईल.

उत्तराचे तीन भाग करा आणि ते एका मिनिटात संपवा. मी काय शिकले, त्यातलं काय इथे लागतं, आणि हे काम मला झेपतं याचा पुरावा काय. उदाहरणार्थ: "मी रसायनशास्त्रात पदवी घेतली. त्यात काटेकोर नोंदी ठेवायची शिस्त लागली. मला ती शिस्त माणसांशी संबंध येईल अशा कामात वापरायची आहे, म्हणून मी चाचण्यांच्या नियमांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि चार महिने एका रुग्णालयात उमेदवारी केली." यात माफी नाही, बढाई नाही आणि कॉलेजला किंवा आईवडिलांना दोषही नाही. बायोडाटाही असाच लिहा. पदवी खाली जाऊ द्या, केलेलं काम वर आणा.

पहिला पगार जुन्याच शाखेत राहिलेल्या मित्रापेक्षा कदाचित कमी असेल. हे आधीच मान्य करा, म्हणजे तिसऱ्या महिन्यात मन खट्टू होणार नाही. पहिल्या दोन वर्षांत पगाराच्या आकड्याइतकंच, आपल्याला शिकवणारा वरिष्ठ मिळतोय का, याकडे लक्ष ठेवा.

या महिन्यात काय कराल

पहिल्या आठवड्यात दोन प्रश्नांचा कागद आणि केलेल्या कामांची यादी. दुसऱ्या आठवड्यात नव्या क्षेत्रातल्या नोकरीच्या दहा जाहिराती वाचा आणि तुमच्या यादीतलं जे त्यांत सापडेल त्याखाली रेघ मारा. एकही रेघ पडली नाही, तर ते क्षेत्र आत्ता फार लांब आहे. मधलं एखादं काम शोधा. तिसऱ्या आठवड्यात तीन माणसांना भेटा. चौथ्या आठवड्यात छोटा नमुना पूर्ण करा आणि घरच्यांपुढे कागद ठेवा.

महिन्याच्या शेवटी "नाही, माझी शाखाच बरी" असं वाटलं, तर तेही मोठं उत्तर आहे. मग तिथे मन लावून काम करा. आणि वाटलं की जायचंच, तर जा. विसाव्या-बाविसाव्या वर्षी घेतलेली पदवी तुमच्याकडून कुणी काढून घेत नाही आणि त्या वर्षांत केलेली मेहनत दुसऱ्या कामातही तुमचीच राहते. ती वाया गेली असं कुणी म्हटलं, तर मान्य करू नका.